ढगातल्या म्हशींना कास नाही

माझ्या मोठ्या जाऊबाईंना आम्ही सगळे अक्का म्हणतो. नवरा वारल्यावर त्या बीदरजवळच्या जनवाड्यात एकट्याच राहत होत्या. शेत बटईनं दिलेलं, एकुलता एक मुलगा हैदराबादला एका कंपनीत, आणि सोबतीला तीन म्हशी. एका उन्हाळ्याच्या तोंडाला गोठ्यातल्या ओल्या शेणावरून त्यांचा पाय सरकला आणि गुडघ्याची वाटी फुटली. प्लास्टर असेपर्यंत शेजारणीनं त्यांचंही केलं आणि म्हशींचंही. प्लास्टर निघालं तेव्हा पाय काठीसारखा सरळ होता. डॉक्टरांनी सांगितलं, आत्ता रोज व्यायाम करून वाकवला तर वाकेल, नाहीतर कायमचा असाच राहील. दवाखाना बीदरला, आमचं घर बीदरला, आणि मी मराठी शाळेत शिक्षिका, म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्टीत रिकामी. निदान घरातल्या सगळ्यांचं असं मत होतं. अक्का आमच्याकडे आल्या.

त्यांना सोडायला आलेल्या त्यांच्या मुलानं, म्हणजे माझ्या पुतण्यानं, माझ्यासमोरच विषय काढला.

"माय, म्हशी इकून टाकू. तू चल माझ्यासंगं हैदराबादला."

"कामून?"

"एकटी पडलीस तर बघनार कोन? त्या दिशी शेजारीन आली म्हनून बरं. न्हाई आली असती तर?"

प्रश्न बरोबर होता. अक्कांनी त्याला उत्तर न देता दुसरा विचारला.

"तुझी खोली कितव्या मजल्यावर हाय?"

"तिसऱ्या."

"लिफ्ट हाय?"

"न्हाई."

"मग तितं गुडघा लागत न्हाई व्हय?"

बराच वेळ हे असंच चाललं. शेवटी मीच मधे पडून निकाल लावला, कारण मला अर्धवट राहिलेल्या गोष्टी सहन होत नाहीत. ठरलं ते असं: मिरगाच्या आधी पुतण्या पुन्हा येईल. तोपर्यंत अक्कांना म्हशीखाली बसता आलं आणि कुणाच्या हाताला न धरता उठता आलं, तर म्हशी राहतील आणि अक्का जनवाड्याला जातील. नाही जमलं, तर म्हशी हुमनाबादच्या व्यापाऱ्याला आणि अक्का हैदराबादला. दोघंही हो म्हणाले. दोघांनाही आपणच जिंकणार असं वाटत होतं.

मी लगेच तक्ता केला. सकाळी शेक, मग पाठीवर झोपून टाच सरकवणं, मग खुर्चीवर बसून टाच मागे नेणं. संध्याकाळी तेच पुन्हा. तक्ता फ्रिजवर चिकटवला. आमच्या घरच्यांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, तो वाचला आणि म्हणाले, "घंटा पन लाव. हजेरी घे." मी दुर्लक्ष केलं.

आमच्या घरात शहाबादी फरशी आहे. खुर्ची भिंतीला लावून ठेवायची, अक्कांनी तिच्यावर ताठ बसायचं, आणि टाच मागे नेत नेत फरशीच्या सांध्यापर्यंत आणायची, असं मी माप ठरवलं. पहिला सांधा खुर्चीच्या पुढच्या पायांशी होता, दुसरा मागच्या पायांशी. टाच दुसऱ्या सांध्याला लागली की गुडघा खाली बसण्याइतका वाकला, असा माझा हिशेब. दवाखान्यातून व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी हे माप पाहून मान डोलावली होती.

अक्का मात्र पहिल्या सांध्याला टाच लागायच्या आधीच "आई गं" म्हणून थांबायच्या. मी पुढे झाले की म्हणायच्या, "मास्तरीन, तुझ्या वर्गात पोरं मुततेत का गं भीतीनं?" आठवडा गेला. टाच होती तिथंच. जनवाड्याहून शेजारणीचा फोन यायचा, की मोठी म्हैस दूध चोरायला, म्हणजे वर ओढून धरायला, लागली आहे, हात लावला की पाय झाडते. अक्का म्हणायच्या, "फोन तिच्या कानाला लाव." आणि मग आमच्या बैठकीतून त्या म्हशीला रागवायच्या. म्हशीवर त्याचा काय परिणाम झाला, ते शेजारणीनं कधी सांगितलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात पुतण्यानं हैदराबादहून येणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर एक डीव्हीडी प्लेअर आणि डिस्कांचा एक डबा पाठवला. आईचा वेळ जावा म्हणून. फोनवर म्हणाला, "देवाधर्माचं दे म्हनून सांगितलं होतं दुकानदाराला." डब्यावर जटा वाढवलेला एक तरुण होता, खांद्यावर घोंगडी, हातात काठी, डोक्यामागं उजेडाचं वर्तुळ. पुतण्यानं घाईत तेवढंच पाहिलं असणार.

अक्कांनी त्या दिवशी आंघोळ करून, कुंकू लावून, डोक्यावर पदर घेऊन टीव्हीसमोर बैठक मारली. म्हणजे पाय लांब करून पलंगावर. मी डिस्क घातली. वाद्यं वाजली, ढग आले, आणि ढगांमधून पंख असलेल्या म्हशींचा कळप उडत बाहेर पडला. म्हशीच म्हणायच्या त्या. काळ्याभोर, मागं वळलेली शिंगं. एका म्हशीच्या पाठीवर दोन वेण्यांची एक पोरगी बसून शीळ घालत होती. सगळं चित्रांचं, आणि सगळं तेलुगूत.

अक्कांनी जोडलेले हात तसेच राहिले.

"हे कोन्तं पुराण?" त्यांनी विचारलं.

"पुराण नसेल अक्का. कार्टून आहे. बंद करते."

"ऱ्हाऊ दे," अक्का म्हणाल्या. "जनावरं चांगली हायत."

थोडा वेळ त्यांनी बारकाईनं पाहिलं. मग निकाल दिला. "पंख दिलेत, शिंगं दिलीत, पन कास न्हाई. सड न्हाईत. ह्यांची रेडकं काय पितेत, ढग?"

मला तेलुगू येत नाही. मराठी, कन्नड, हिंदी एवढ्यावर माझं भागतं. अक्कांना मात्र तेलुगू येतं असं त्या सांगतात. जनावरांच्या बाजारात झहीराबादकडचे व्यापारी यायचे, त्यांच्याशी बोलून शिकलेलं. त्यामुळे 'किती', 'ये', 'जा', 'दूध', 'खोटं बोलू नको' एवढं त्यांना पक्कं येतं, आणि त्या तेवढ्यावर संपूर्ण मालिकेचा अर्थ सांगायला बसल्या. कथा त्यांच्या म्हणण्याप्रमाणे अशी. ही पोरगी वाऱ्याच्या म्हशी राखते. म्हशी ढग ओढतात, ढग आले की पाऊस पडतो. एक गोरी राणी आहे, ती हात लावेल त्याचं मीठ होतं, आणि तिला सगळ्या जगाचं मीठ करायचं आहे. तिला अक्कांनी 'खारी' नाव दिलं. चहात खारी बुडवताना त्या म्हणायच्या, "हिला आधी खाऊन टाकते." आणि तो डब्यावरचा जटावाला पोरीच्या मदतीला येतो. संकट आलं की कुठूनतरी उगवतो, काठी आपटतो आणि न बोलता जातो.

तो पहिल्यांदा आला तेव्हा पोरगी त्याला "बावा" म्हणाली. स्पष्ट ऐकू आलं.

"बघ," अक्का म्हणाल्या. "बावाच हाय. गोसावी. मी म्हणलं नव्हतं, देवाधर्माचं हाय म्हनून?"

आमच्याकडे बावा म्हणजे गोसावी, फकीर, रानात राहून राख फासणारा कुणीतरी. त्याची घोंगडी, त्याच्या जटा, त्याचं कमी बोलणं, सगळं बरोबर बसत होतं. तेव्हापासून बावा दिसला की अक्का हात जोडायच्या. एकदा चहाचा कप हातात होता, तर त्यांनी कपासकट जोडले.

पहिल्याच दिवशी एक भाग संपला आणि पुढचा आपोआप सुरू व्हायच्या आत मी रिमोट उचलून थांबवलं.

"कामून थांबवलीस?"

"टाच मागे न्या. पहिल्या सांध्यापर्यंत. मग पुढचा."

अक्कांनी माझ्याकडे खारीकडे बघावं तसं पाहिलं. पण खुर्चीवर जाऊन बसल्या. टाच पहिल्या सांध्याला लागली. "आई गं" झालं, पण लागली.

मी तक्त्यात दुरुस्ती केली. शेक, टाच, भाग. वीज दुपारी जायची, म्हणून सकाळचे भाग वीज जायच्या आत आणि संध्याकाळचे वीज आल्यावर. असं पंधरा दिवस चाललं आणि टाच पहिला सांधा ओलांडून पुढे सरकू लागली. अक्का लबाडी करायच्याच. खुर्चीत पार मागे रेलून बसायच्या म्हणजे पाय जास्त मागे गेल्यासारखा दिसतो. मी त्यांच्या पाठीमागे उशी लावली. त्या उशी हळूच काढून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "गरम व्हायलंय." मी उशी ओढणीनं खुर्चीला बांधली.

हे सगळं मी त्यांच्यासाठी करते आहे, असं माझं म्हणणं होतं. एका सकाळी बँकेत, मग दळणाला, मग भाजीला असं ठरल्याप्रमाणे सगळं आटोपून घरी आले, तर आतून त्या वाद्यांचा आवाज. अक्कांनी रिमोट शिकून घेतला होता. खारी एका म्हशीच्या पंखाला हात लावत होती आणि पंख पांढरा पडत होता.

"अक्का, मी नसताना?"

"टाच लावली मी. तू नव्हतीस म्हनून काय झालं."

"किती भाग पाहिले?"

"दोन. का तीन."

मी पिशवी खाली ठेवली. "मग आता मला सांगा काय झालं ते."

अक्का माझ्याकडे बघून हसायला लागल्या. "मास्तरीन," त्या म्हणाल्या, "तू पन अडकलीस व्हय?"

मी म्हणाले की मला फक्त व्यायामाची काळजी आहे. मग ते दोन-तीन भाग आम्ही पुन्हा पाहिले. त्या दिवशी भात करपला. आमचे घरचे जेवायला बसल्यावर म्हणाले, "ह्याचं मीठ झालं न्हाई म्हनून बरं."

त्या पांढऱ्या पडलेल्या म्हशीनं अक्कांची झोप उडवली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या टीव्हीतल्या पोरीला सांगत होत्या, गुळाचं पाणी पाज, अंग पुस, उन्हात उभी करू नको. पोरगी तसलं काही न करता गाणं म्हणत बसली. "गानं म्हनून जनावर उठतंय का कुठं," अक्का म्हणाल्या. म्हैस उठली. अक्कांना ते पटलं नाही, पण त्यांनी डोळे पुसले आणि कारण न सांगता स्वतःच जाऊन खुर्चीवर बसल्या. टाच त्या दिवशी दुसऱ्या सांध्याच्या चार बोटं अलीकडे आली.

तिथंच ती अडली. पुढचे आठ दिवस चार बोटांची तीन बोटंही होईनात. व्यायामवाल्या बाईंनी हात लावून पाहिलं आणि म्हणाल्या, आता हळूहळू होईल, महिने लागतील. आमच्याकडे महिने नव्हते. मिरग तोंडावर आला होता आणि पुतण्यानं रविवारी येतो म्हणून कळवलं होतं. व्यापाऱ्यालाही त्यानं जनवाड्यात दुपारी बोलावून ठेवलं होतं. मी बोलायला गेले की अक्का म्हणायच्या, "भाग लाव."

रविवारी सकाळी पुतण्या आला तेव्हा शेवटच्या डिस्कचे शेवटचे दोन भाग राहिले होते. त्यानं चप्पल काढता काढता विचारलं, "मग, माय? बसतीस का खाली?"

"आधी हे बघू. मग वीज जाती."

"काय बघायलाव तुम्ही?" त्यानं पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काकू, तुम्ही पन?"

"तूच पाठवलंयस," मी म्हणाले. "देवाधर्माचं."

तो पलंगाच्या कडेला बसला. खारीचं राज्य मिठाच्या डोंगरावर होतं, आणि तिथं शेवटची लढाई चालली होती. म्हशींचा कळप ढग ओढत आला, पाऊस पडला, डोंगर विरघळला, खारी विरघळली. अक्का समाधानानं मागे टेकल्या. मग बावानं घोंगडी उतरवली. आत भरजरी कपडे होते. जटा मागे सारल्या, चेहरा चांगला देखणा होता. पोरगी त्याच्याजवळ गेली, त्याचा हात धरला आणि लाजून म्हणाली, "बावा."

"अगं, गोसाव्याचा हात धरायलीस?" अक्का पडद्याला म्हणाल्या.

पुतण्या हसायला लागला. "गोसावी कुठला, माय?"

"बावा म्हनायली की ती."

"तेलुगूत बावा म्हंजे आत्याचा न्हाईतर मामाचा पोरगा. जेच्याशी लगीन लागतंय तो. तिचा ठरलेला नवरा हाय तो. लहानपनापासून."

मी तोंडावर हात ठेवला. मला कन्नड येतं, दाजीला कन्नडात भाव म्हणतात हे मी रोज ऐकते, आणि तरी महिनाभर त्या तरुणाला गोसावी समजून बसले होते. अक्कांनी पदर सारखा केला.

"म्हंजे मी महिनाभर," त्या म्हणाल्या, "कुनाच्या तरी नवऱ्याच्या पाया पडायले व्हय?"

"कपासकट," मी म्हणाले.

पुतण्याला मी कपाची गोष्ट सांगितली आणि तो पलंगावर लोळून हसला. अक्काही हसल्या, तोंड फिरवून. पण पडद्यावर अजून थोडं बाकी होतं. पोरगी कळपाजवळ गेली, एकेका म्हशीच्या कपाळाला कपाळ लावलं, शीळ घातली, आणि म्हशी उडून गेल्या. मग ती बावाच्या रथात बसून त्याच्या नगराला निघाली. वाद्यं वाजली. संपलं.

अक्कांचं हसू थांबलं होतं.

"जनावरं?" त्यांनी विचारलं.

"सोडून दिली. मोकळी केली."

"कुनाकडं दिली?"

"कुनाकडं न्हाई, माय. आभाळात गेली."

"आभाळात कोन बघतंय तेंला?" अक्का म्हणाल्या. "पंखाला मीठ लागलेली म्हातारी म्हैस हाय तेच्यात एक. तिला कोन बघनार?"

पुतण्या हुशार मुलगा आहे. कोणत्या म्हशीबद्दल बोलणं चाललं आहे, ते त्याला कळलं होतं.

अक्का पलंगावरून उतरल्या. पदर खोचला आणि पलंगाच्या पायाला हात न लावता खाली बसायला लागल्या. चांगला पाय वाकला, दुखरा पाय वाकत गेला, वाकत गेला, आणि बूड टाचांपासून वीतभर वर असताना अडला. त्यांनी श्वास रोखला. आणखी जोर लावला. कपाळावर घाम आला. पाय हलला नाही. तशाच अधांतरी त्या थांबल्या, ना खाली, ना वर. पुतण्या उठून पुढे झाला.

"हात लावू नको," अक्का म्हणाल्या.

मी न्हाणीत गेले. तिथं आमचं आंघोळीचं प्लास्टिकचं स्टूल असतं, लाल, बुटकं. ते आणून मी त्यांच्या खाली सरकवलं. अक्का त्यावर टेकल्या. गुडघे दोन्ही बाजूंना, हात मोकळे, म्हशीखाली बसावं तशाच. मग दोन्ही हात आपल्याच मांड्यांवर टेकून उठल्या. पुन्हा बसल्या, पुन्हा उठल्या.

"हे चालनार न्हाई," पुतण्या म्हणाला. "खाली बसायचं ठरलं होतं."

"म्हशीखाली बसायचं ठरलं होतं," अक्का म्हणाल्या. "बूड टेकवायचं न्हाई असं कुठं ठरलं होतं? इचार काकूला. तिनंच ठरवलंय."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले की ठरवताना स्टुलाबद्दल काहीच बोलणं झालेलं नाही. हे खरं होतं. आमच्या सासूबाई असत्या तर त्यांनी स्टूल गोठ्यात येऊ दिलं नसतं. दूध काढायला बाईनं उकिडवंच बसायचं, जनावरापुढं आसन घ्यायचं नाही, असा त्यांचा दंडक होता, आणि अक्कांनी तो त्यांच्यामागंही पाळला होता. अक्कांना ते आठवलं असणार. त्यांनी स्टुलाकडे जरा तिरकं पाहिलं, पण उठल्या नाहीत.

पुतण्या खिडकीशी जाऊन उभा राहिला. मग वळून म्हणाला, "एकटी पडलीस तर?"

या वेळी अक्कांनी उलटा प्रश्न केला नाही. "शेजारीन सकाळ-संध्याकाळ येती. तिला निम्मं दूध देते. आन लाथ मारनारी धाकटी म्हैस इक. तिच्यापायीच पडले मी."

मला तोपर्यंत शेणावरून पाय सरकला एवढंच माहीत होतं. पुतण्यालाही. त्यानं फोन काढला आणि व्यापाऱ्याला सांगितलं की तीन नाही, एक म्हैस बघायला या.

त्या संध्याकाळी मी अक्कांबरोबर जनवाड्याला गेले. स्टूल पिशवीत होतं. अक्का म्हणाल्या होत्या, वाटेत कुणाला दिसायला नको. गोठ्यात शेजारीण उभी होती. मोठी म्हैस अक्कांना बघून मान हलवून हंबरली, पण अक्का लाल स्टुलावर बसल्या तशी बिचकून बाजूला झाली. त्या उंचीवरच्या अक्का तिनं पाहिल्याच नव्हत्या.

"काय गं," अक्का म्हणाल्या. "मीच हाय."

त्यांनी कासेला पाणी लावलं, हात ठेवला. म्हशीनं दूध वर ओढून धरलं. एक धार नाही. शेजारीण म्हणाली, "अक्का, सरका, मी काढते." अक्कांनी मान हलवली. हात तसाच ठेवून त्या बसून राहिल्या, गुडघा अवघडला होता हे त्यांच्या पाठीवरून कळत होतं. म्हैस मागे वळून बघत होती, आधी स्टुलाकडे, मग अक्कांकडे. मग तिनं मान पुढे केली, वैरणीत तोंड घातलं आणि पान्हा सोडला.

चरवी अर्ध्याच्या वर भरली तेव्हा अक्कांनी हात थांबवले. मांडीवर हात टेकून, कुणाला न धरता, त्या उठल्या.

"बाकीचं रेडकाला ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या, आणि रेडकू सोडायला खुंट्याकडे गेल्या.